इंटरनेटला पर्याय उभारताना: केंद्र काढलं तर त्याचं काम कोणाच्या गळ्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शून्यापासून एक नवं नेटवर्क उभं करायचं आहे. कोणत्याही सरकारला किंवा कंपनीला ते बंद पाडता येऊ नये, मध्ये कुठेही मुख्य सर्व्हर नसावा, वापरणाऱ्याची ओळख फुटू नये, कोणालाही परवानगीशिवाय जोडता यावं, नावं आजच्यासारखी लक्षात राहणारी असावीत आणि वेगही आजच्याइतका असावा. तर प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, कोणते घ्यावेत?

या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा प्रोटोकॉल नाही. कोणाला अजून सुचला नाही अशातलाही भाग नाही. यातल्या काही अटी एकमेकींच्या मुळावर येतात आणि काही बाबतीत तर ते गणिताने सिद्धच झालेलं आहे. माझं काम राउटिंग आणि वायरलेस मेशचं, म्हणजे राउटर एकमेकांना बिनतारी जोडून विणलेल्या जाळ्यांचं. पर्यायी नेटवर्कचे आराखडे बघायला येतात तेव्हा प्रोटोकॉलचं पान मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी एवढंच तपासतो, की आज मध्यवर्ती यंत्रणा जी कामं करतात ती या आराखड्यात कोणाच्या गळ्यात पडली आहेत. पत्ते वाटणं, नावं सांभाळणं, रस्ता दाखवणं, गर्दी आवरणं, उपद्रवी मंडळींना हाकलणं, बिल भरणं. केंद्र हटवलं तरी ही कामं उरतातच. बहुतेक आराखड्यांत उत्तर असतं, "सगळे नोड मिळून करतील." नोड म्हणजे कोणाच्या तरी छपरावरचा राउटर किंवा कोणाच्या तरी खिशातला फोन. त्याची बॅटरी, त्याचं वीजबिल आणि त्याच्या मालकाची झोप कुठेच धरलेली नसते.

इंटरनेट बांधणाऱ्यांनी हा हिशोब कसा केला होता ते आधी बघण्यासारखं आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ साली एका निबंधात मूळ उद्दिष्टं महत्त्वाच्या क्रमाने मांडली. वेगवेगळी नेटवर्कं जोडणं हा मूळ हेतू. त्याखालच्या यादीत सगळ्यात वर होतं, मधली यंत्रं किंवा तारा गेल्या तरी संभाषण चालू राहणं. तळाला होतं, कोणी किती वापरलं याचा हिशोब ठेवता येणं. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता आणि लढाईत हिशोब कोण मागणार? क्लार्क यांनी स्वतःच म्हटलं आहे की हेच नेटवर्क व्यापारी वापरासाठी आखलं असतं, तर हिशोब यादीच्या दुसऱ्या टोकाला गेला असता. आज आपण ज्याला शिव्या घालतो ते स्पॅम, खोट्या पत्त्यांवरून होणारे हल्ले, पाठवणाऱ्याचा पत्ता न लागणं हे सगळं त्या तळाच्या ओळीतून आलेलं आहे. तुम्ही दिलेल्या सहा अटींना क्रम नाही. तो लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि जी अट तळाला जाईल तिच्या तक्रारी पुढची कित्येक वर्षं ऐकायची तयारी हवी.

दुसरी गोष्ट, पर्याय नेमका कोणत्या थराला हवा? मोजक्या कंपन्यांच्या हाती सगळं गेलं ही तक्रार असेल, तर ती वरच्या थराची आहे. तिच्यासाठी नवी तार ओढायची गरज नाही. आहे त्याच इंटरनेटवर वेगळी सॉफ्टवेअर चालवता येतात. पण भीती बंद पाडण्याची असेल तर गोष्ट बदलते. इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११च्या मध्यरात्रीनंतर मोजक्या सेवादात्यांनी बीजीपीतून आपले सुमारे साडेतीन हजार मार्ग मागे घेतले आणि काही मिनिटांत जवळजवळ सगळा देश जगाच्या नकाशावरून गेला. बीजीपी म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना "हे पत्ते माझ्याकडून मिळतील" असं सांगण्याची पद्धत. तो निरोपच थांबला की वर चालणारं, ओळख लपवणारं टॉर असो की आणखी काही, त्याच्या पायाखालची जमीनच जाते. अशा वेळी स्वतःच्या तारा किंवा स्वतःचे रेडिओ लागतात.

तरीही आधीच्या नेटवर्कच्या अंगावर नवं नेटवर्क चढवण्याला कमी लेखू नका. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेटही टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ५० किलोबिटच्या लाइनींवरच सुरू झालं होतं. आजची अडचण वेगळी आहे. मधली फायरवॉल आणि पत्ते बदलणारी यंत्रं ओळखीच्या पॅकेटलाच (माहितीच्या तुकड्यालाच) वाट देतात. एससीटीपी नावाचा वाहतुकीचा चांगला प्रोटोकॉल २००० साली आला, पण घरगुती राउटरांनी त्याला ओळखच दिली नाही. त्यातून धडा घेऊन २०२१ साली प्रमाणित झालेला क्विक हा प्रोटोकॉल मुद्दाम यूडीपी या जुन्या, ओळखीच्या प्रोटोकॉलच्या पोटात बसवला आणि त्याचा बहुतेक भाग एन्क्रिप्ट केला, म्हणजे मधल्या यंत्रांना त्यात नाक खुपसताच येऊ नये. तुम्ही आहे त्यावरच चढवणार असाल तर हीच वाट धरा.

आता रेडिओ. "प्रत्येक घराने एक राउटर लावला की झालं नेटवर्क" ही कल्पना सगळ्यांना भुरळ घालते, म्हणून इथे जरा थांबतो. समजा क, ख आणि ग असे तीन राउटर एका रांगेत आहेत. प्रत्येकाला एकच रेडिओ आणि तिघांचा चॅनलही एकच. क कडून ग कडे जाणारं पॅकेट ख ने आधी ऐकायचं आणि मग पुन्हा हवेत सोडायचं. ऐकणं आणि बोलणं त्याला एकाच वेळी जमत नाही, म्हणून १०० एमबीपीएसच्या दुव्यावर हाती पडतात ५०. पुढे घ जोडा. क बोलत असताना ग ने तोंड उघडलं तर ख च्या कानावर दोन्ही आवाज आदळतात, म्हणून ग ने गप्प बसायचं. वाटा आला एक तृतीयांशावर. हे झालं कागदावर. भिंती, टकरी आणि पुन्हा पाठवावी लागणारी पॅकेटं यात धरलेली नाहीत.

गुप्ता आणि कुमार यांनी २००० साली याचं सर्वसाधारण गणित मांडलं. नोड विखुरलेले असतील आणि प्रत्येकाला कोणाशीही, कितीही लांब बोलायचं असेल, तर नोडांची संख्या n धरली असता प्रत्येकाच्या वाट्याचा वेग साधारण १/√(n log n) या प्रमाणात घसरतो. नोड शंभरपट झाले की वाटा दहाव्या हिश्श्याच्याही खाली. म्हणजे लोक जोडले जातील तसं नेटवर्क मजबूत होईल हे जोडण्यांच्या बाबतीत खरं आणि वेगाच्या बाबतीत उलटं. या गणितातली "कितीही लांब" ही अट मात्र नीट वाचा. बोलणं बहुतांशी जवळच्यांशीच होत असेल तर घसरण फारशी जाणवत नाही. त्यामुळे मेश बांधणाऱ्याला मी पहिला प्रश्न अँटेनाबद्दल विचारत नाही. तुमची रहदारी किती हॉपच्या (राउटर ते राउटर उड्यांच्या) आत संपते, ते विचारतो. सगळ्यांना बाहेरचा व्हिडिओच बघायचा असेल तर सारी रहदारी एका दाराकडे धावते, आणि दाराजवळचा राउटर सगळ्यांचं ओझं वाहतो.

यावरचे उपाय ठाऊक आहेत: प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रेडिओ, उंच जागांमध्ये दिशादर्शक अँटेनांचे दुवे, आणि शेवटी फायबर. पण उंच जागा सगळ्यांकडे नसते. ती ज्याच्याकडे असते त्याचा नोड मोठा होतो आणि तो बंद पडला की अख्खा टापू बंद. स्पेनमधल्या कॅटलोनियातलं गिफीनेट २००४च्या सुमारास वायफायवर सुरू झालं, पुढे त्याने फायबर टाकलं आणि आज ते हजारो नोडांचं आहे. त्यातही मोठे नोड आहेत, खांद्यावर जास्त भार घेणारे लोक आहेत. केंद्र असं मागच्या दाराने परत येतं. त्याला येऊच द्यायचं नाही असा हट्ट धरण्यापेक्षा, एका मोठ्या नोडच्या जागी दुसरा किती तासांत उभा राहील हे आखून ठेवलेलं बरं.

आपत्तीच्या वेळेसाठी म्हणून लोक हल्ली लोरा या लांब पल्ल्याच्या पण कमी वेगाच्या बिनतारी तंत्रावर चालणारे मेशटॅस्टिकसारखे छोटे रेडिओ सुचवतात. ते उपयोगाचे आहेत, पण त्यांची मर्यादा बोटांवर मोजून दाखवतो. नेहमीच्या सेटिंगला वेग सेकंदाला साधारण १,००० बिट. २०० बाइटचा संदेश म्हणजे १,६०० बिट. हवेत दीड सेकंदाहून जास्त. तो चार नोडांनी पुढे पाठवला तर मूळ धरून पाच वेळा बोलला गेला, चॅनल आठ सेकंद अडला. म्हणजे एकमेकांना ऐकू येणाऱ्या अख्ख्या टापूसाठी मिनिटाला सात संदेश, तेही सगळे शिस्तीत एकामागून एक बोलले तर. न ऐकता बोलण्याची जी रीत १९७१ साली हवाई बेटांवरच्या अलोहा नेटवर्कने वापरली, तीत चॅनलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. आधी ऐकून मग बोललं की बरंच सुधारतं. डोंगराआडचा नोड मात्र ऐकूच येत नाही. त्यात युरोपातल्या ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या बऱ्याच भागात एका यंत्राला तासातला १ टक्का वेळच, म्हणजे ३६ सेकंदच, बोलायची मुभा आहे. "मी सुखरूप आहे, पाणी हवंय" एवढ्यासाठी हे उत्तम. फोटोसाठी नाही. आणि रेडिओ बंद पाडता येत नाही हाही गैरसमज काढून टाका. बोलणारा रेडिओ दिशा शोधणाऱ्या यंत्राला दिसतोच, आणि लहरींचा पट्टा कोणी कसा वापरायचा हे ठरवणारं केंद्र प्रत्येक देशात बसलेलं असतं.

वेगाचा हट्ट सोडला तर मात्र दारं उघडतात. क्युबात "एल पाकेते सेमानाल" नावाचा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला: दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइट सिनेमे, मालिका, सॉफ्टवेअर आणि मासिकं हार्ड डिस्कवर भरून हातोहात गावोगाव जायची. भागाकार करून बघा. ८ लाख कोटी बिट, भागिले आठवड्याचे ६,०४,८०० सेकंद. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १३ मेगाबिट, तेही प्रत्येक डिस्कमागे, कोणत्याही तारेविना. उशीर मात्र आठवड्याचा. बँडविड्थ आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. (कबुतरांकरवी आयपी पॅकेट पाठवण्याचं विनोदी मानक १९९० सालीच निघालं होतं. लोक हसले, पण कबुतराच्या पायाला आज मेमरी कार्ड बांधता येतं.)

उशीर सोसणाऱ्या नेटवर्कांचं शास्त्रही तयार आहे. अंतराळयानांसाठी आखलेला बंडल प्रोटोकॉल, त्याची सातवी आवृत्ती २०२२ साली प्रमाणित झाली, पुढचा दुवा मिळेपर्यंत माल जवळ साठवून ठेवतो. अडचण वर येते. आजचं एक वेब पान उघडायला डझनावारी विनंत्या जातात आणि प्रत्येक जण उत्तराची वाट बघत बसतो. तासाभराचा उशीर यातल्या एकालाही सोसत नाही. मग प्रोग्रामच नव्याने लिहावे लागतात: आधी आपल्या यंत्रावर बदल करायचा, भेट होईल तेव्हा जुळवून घ्यायचं. संदेश, लेख, नकाशे, ग्रंथालयं यांना हे छान मानवतं. एकाच खुर्चीचं तिकीट दोन ठिकाणी विकलं जाऊ नये असं काम आलं की मानवत नाही. नेटवर्कचे दोन तुकडे झालेले असताना दोन्हीकडे कामही चालू ठेवायचं आणि दोन्हीकडे एकच खरं चित्रही ठेवायचं, हे अशक्य असल्याचं गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलं. इंटरनेटवर तो निर्णय डेटाबेसवाला घेतो. तुमच्या नेटवर्कवर तो वापरणाऱ्याच्या पदरात पडेल, आणि पडद्यावर त्याला "हे कदाचित बदलेल" असं दाखवावं लागेल.

पत्त्यांकडे वळू. नव्या आराखड्यांचा आवडता मार्ग म्हणजे प्रत्येक यंत्राने स्वतःची सांकेतिक किल्ल्यांची जोडी (एक गुप्त, एक सार्वजनिक) बनवायची आणि सार्वजनिक किल्लीवरून स्वतःचा पत्ता काढायचा. पत्ते वाटणारी संस्था लागत नाही, कोणी दुसऱ्याचं सोंग घेऊ शकत नाही, यंत्र जागा बदलून गेलं तरी पत्ता तोच. मलाही हे आवडतं. पण आजचा आयपी पत्ता फुकट जी एक गोष्ट देतो ती इथे गमावतो: पत्त्यावरून दिशा कळणं. जगात अब्जावधी यंत्रं असताना इंटरनेटच्या मुख्य राउटरांना सुमारे दहा लाख नोंदींत काम भागवता येतं, कारण शेजारचे पत्ते एका गठ्ठ्यात बांधता येतात. किल्लीवरून काढलेल्या पत्त्यांत शेजार नावाची गोष्टच नसते. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे पत्ते सोडतीत निघाल्यासारखे असतात.

मग तीन वाटा उरतात. प्रत्येक राउटरने सगळे पत्ते लक्षात ठेवायचे, जे काही हजारांच्या पुढे छोट्या यंत्रांना झेपत नाही. किंवा ही यादी सगळ्यांत वाटून घ्यायची, म्हणजे केडेम्लियासारखा डीएचटी. दहा लाख नोडांत शोध घ्यायला वाईटात वाईट वीसेक पायऱ्या, आणि एकेक पायरी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. दर पायरीला १०० मिलिसेकंद धरले तरी दोन सेकंद केवळ पत्ता शोधण्यात गेले. एकाच वेळी अनेकांना विचारून आणि आधीची उत्तरं जवळ ठेवून हे बरंच कमी होतं. बंद पडलेले फोन मध्ये आले की पुन्हा वाढतं. तिसरी वाट, यादी लहान ठेवायची आणि त्या बदल्यात लांबचा फेरा मान्य करायचा. इग्द्रासिल नावाचं प्रायोगिक नेटवर्क सगळ्या नोडांचं एक झाड बनवून त्यातल्या जागेवरून रस्ता काढतं. झाडाच्या दोन फांद्यांची टोकं शेजारीशेजारी असली तरी त्यांच्यातली वाट कधी कधी खोडाकडून जाते. स्मृती, फेरा आणि बदल पसरायला लागणारा वेळ, यांतलं एक वाचवायचं तर दुसऱ्यात मोजावं लागतं.

रस्ता कोणी निवडावा, हाही प्रश्न आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या एका सेवादात्याने देशापुरतं यूट्यूब अडवायला म्हणून जाहीर केलेला मार्ग बाहेर निसटला आणि तास-दोन तास जगभरची यूट्यूबची रहदारी तिकडे वळली. बीजीपी शेजाऱ्याच्या शब्दावर चालतं त्याची ही किंमत. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं सायऑन (SCION) पॅकेटमध्येच संपूर्ण वाट लिहितं आणि ती पाठवणाऱ्याला निवडू देतं; स्विस बँकांच्या आपसातल्या नेटवर्कने ते उचललंही आहे. बदल्यात पॅकेटचं डोकं जड होतं, आणि विश्वासाची मुळं कोणाकडे असावीत हे प्रत्येक प्रदेशाला आधी आपसांत ठरवावं लागतं. म्हणजे केंद्र आहे, फक्त अनेक आणि जाहीर. मला हे "केंद्रच नाही" म्हणण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं.

नावांबद्दल थोडक्यात. झुको विल्कॉक्स यांनी २००१ साली मांडलेला त्रिकोण अजून टिकून आहे: नाव माणसाला लक्षात राहणारं, खोटेपणापासून सुरक्षित आणि केंद्राविना, या तिन्ही गोष्टी एकदम मिळणं कठीण. टॉरने लक्षात राहण्यावर पाणी सोडलं. त्याच्या आताच्या ओनियन पत्त्यात ५६ अक्षरं असतात. नेमकॉइनने २०११ साली सामायिक खातेवहीवर नावं नोंदवून तिन्ही साधल्याचा दावा केला. तांत्रिकदृष्ट्या तो बराचसा खराही होता. पण २०१५ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा सुमारे १,२०,००० नोंदलेल्या नावांपैकी अडवून न ठेवलेली आणि काही खरा मजकूर असलेली निघाली फक्त २८. वाद मिटवणारं कोणी नसलं की जो पहिला पोचेल तो मालक. मी स्वतः जगभर एकच नाव हा हट्ट सोडून देईन. फोनमधल्या संपर्कयादीसारखी प्रत्येकाने आपापली नावं ठेवावीत, ओळखीच्यांनी ती पुढे द्यावीत. जाहिरातीच्या फलकावर छापण्याजोगा पत्ता मिळणार नाही, हा तोटा मला चालतो. तुम्हाला चालतो का ते ठरवा. आणि किल्ली हरवली तर "पासवर्ड विसरलात?" असं विचारणारं कोणी नसेल. सामान्य माणसाच्या दृष्टीने या सगळ्या लेखातली सर्वांत महागडी गोष्ट बहुधा हीच.

ओळख लपवणं आणि वेग यांचं वैर सिद्ध झालेलं आहे. २०१८च्या एका शोधनिबंधाचा निष्कर्ष असा: मजबूत निनावीपण, कमी उशीर आणि कमी जादा रहदारी, यांतलं काहीतरी एक सोडावं लागतं. टॉर तीन मधल्या यंत्रांतून फिरवतं आणि उशीर कमी ठेवतं. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवणाऱ्यापुढे ते दुबळं पडतं, आणि हे टॉरवाले स्वतः सांगतात. संदेश अडवून, मिसळून, उशिरा सोडणारी मिक्स नेटवर्कं जास्त मजबूत. त्यांच्यावर व्हिडिओ कॉल विसरा. आणखी एक बघा: कोणती यंत्रं टॉरमध्ये आहेत याची यादी मोजके विश्वासू सर्व्हर मिळून मतदानाने ठरवतात. केंद्राच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सगळ्यात यशस्वी नेटवर्कने एक छोटं केंद्र जाणूनबुजून ठेवलं आहे, कारण ते नसतं तर हल्लेखोराने हजार खोटी यंत्रं घुसवून आपलाच बहुमताचा आकडा उभा केला असता.

खोट्या यंत्रांचा हा हल्ला, सिबिल, तुमच्या "परवानगीशिवाय कोणीही" या अटीचा खरा शत्रू आहे. जॉन डाउसर यांनी २००२ सालीच दाखवलं की विश्वासाची मध्यवर्ती जागा नसेल तर एका माणसाची हजार रूपं ओळखता येत नाहीत. मग प्रवेशाला काहीतरी किंमत लावावी लागते. गणनाश्रमाची, म्हणजे यंत्राला अवघड गणितं सोडवायला लावण्याची, किंमत लावली तर साध्या फोनची बॅटरी संपते आणि गोदामभर यंत्रं असलेल्याला काहीच वाटत नाही. पैशाची लावली तर श्रीमंताला हजार मतं. ओळखपत्राची लावली तर निनावीपण गेलं. चौथी किंमत ओळखीची: आत असलेल्या कोणीतरी हमी द्यायची. यात वाढ हळू होते आणि कोणाचीच ओळख नसलेला माणूस बाहेर राहतो. मी तरी हीच घेतो, कारण उपद्रव झाला तर हमी देणाऱ्याकडे बोट दाखवता येतं. जागतिक नेटवर्क यातून होणार नाही.

गर्दीचा विचार आराखड्यांत सहसा नसतोच. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला दुवा, अंतर सुमारे ४०० यार्ड, ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटवर कोसळला. तार शाबूत होती. पॅकेटं हरवली म्हणून सगळ्यांनी ती पुन्हा पाठवली, त्याने आणखी हरवली. व्हॅन जेकबसन यांनी काढलेला उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने आपणहून वेग उतरवायचा. आजही इंटरनेट बऱ्याच अंशी या सभ्यतेवर चालतं. निनावी आणि परवानगीविना नेटवर्कमध्ये सभ्यता गृहीत धरता येत नाही. मग प्रत्येक राउटरने शेजाऱ्यागणिक वेगळी रांग ठेवून समान वाटा द्यायचा. त्याला स्मृती आणि गणनशक्ती लागते, पण ती खर्च करा. यात काटकसर केली की पहिल्याच लोकप्रिय व्हिडिओला नेटवर्क झोपतं.

मजकुरालाच पत्ता द्यायचा, यंत्राला नाही, या पंथाबद्दलही विचारणा होते. आयपीएफएस या नेटवर्कमध्ये मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातूनच काढलेल्या ठशावरून) तो कोणाकडूनही घेता येतो, खोटेपणा लगेच कळतो, लोकप्रिय गोष्टी आपोआप जवळ येतात. ज्या गोष्टीत कोणालाच रस नाही ती मात्र कोणीतरी मुद्दाम धरून ठेवली तरच टिकते, आणि धरून ठेवण्याचं बिल येतं. शिवाय काय मागितलं ते वाटेतल्यांना दिसतं. ग्रंथालयासारख्या कामाला घ्या, खासगी संभाषणाला नको.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. तुमच्या सहा अटींत मी "बंद पाडता येऊ नये" वर ठेवेन आणि "वेग आजच्याइतका" तळाला टाकेन. निनावीपण फक्त संदेशांपुरतं, तेही उशीर मान्य करून. पत्ते किल्लीवरून, नावं आपापली, प्रवेश ओळखीतून. खाली मिळेल ते: वस्तीत वायफाय, वस्त्यांमध्ये दिशादर्शक दुवे, जिथे दुवा नाही तिथे ये-जा करणाऱ्याच्या फोनवरून बंडल. रेडिओवर अडून राहू नका. इंटरनेट चालू असेल तेव्हा त्याच्यावरूनही हेच पॅकेट जाऊ द्या, म्हणजे नेटवर्क रोज वापरात राहील. फक्त संकटात चालू करायचं म्हणून कपाटात ठेवलेलं नेटवर्क संकटात चालू होत नाही, कारण तोवर अर्ध्या यंत्रांची सॉफ्टवेअर जुनी झालेली असतात आणि चालवणारे गाव सोडून गेलेले असतात.

पैशाचं उत्तर पहिल्या महिन्यातच लिहून काढा. गिफीनेट टिकलं त्यात रेडिओपेक्षा त्याच्या नियमांचा वाटा मोठा असं माझं मत आहे. पायाभूत जाळं सामायिक, त्यावर धंदा करणाऱ्याने वापराच्या प्रमाणात देखभालीत भर घालायची, आणि जोडणाऱ्या प्रत्येकाला सामायिक परवाना मान्य करावा लागतो. मोठा नोड ज्याच्या छपरावर आहे त्याला निदान विजेचे आणि बदली यंत्राचे पैसे मिळाले पाहिजेत. स्वयंसेवा उभारणीपुरती पुरते. देखभालीला पुरत नाही.

राहिला इंटरनेटकडे जाणारा दरवाजा ठेवायचा की नाही हा मुद्दा, आणि यावर मंडळी फुटतात. दरवाजा ठेवला तर बहुतेक रहदारी बाहेरच धावते, नेटवर्क स्वस्त सेवादाता बनतं आणि दरवाजा ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात पोलीस येतात, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्यांचे उद्योग त्याच्याच पत्त्यावरून झालेले दिसतात. ठेवला नाही तर आत बघण्यासारखं काही नसतं आणि लोक येत नाहीत. हवानातलं एसनेट दरवाजाविना हजारोंपर्यंत वाढलं. आत खेळ होते, गप्पा होत्या, आणि बाहेरचं इंटरनेट महाग व दुर्मीळ होतं. २०१९ साली सरकारने खासगी नेटवर्कांवर नियम आणले आणि ते सरकारी यंत्रणेत सामावलं गेलं. तुमच्याकडे बाहेरचं इंटरनेट स्वस्त असेल तर ती परिस्थिती तुम्हाला मिळणार नाही. मी ईमेल आणि ठरावीक ग्रंथालयांच्या प्रती यांच्यापुरताच दरवाजा ठेवेन, तो एका व्यक्तीच्या नव्हे तर नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असेल, आणि किमान दोन वेगळ्या सेवादात्यांकडून येईल. चाचणी म्हणून महिन्यातून एक दिवस तो दरवाजा आणि सगळ्यात मोठा नोड दोन्ही न सांगता बंद करा. त्या दिवशी कोणाकोणाचे फोन येतात त्यावरून कळेल, आराखड्यात न दाखवलेलं केंद्र कुठे लपलं आहे.